जुन्या यंत्रांची बॅटरी का उतरते

जुन्या पोकलेन, जेसीबी, डोझर किंवा ट्रॅक्टरमधली चार्जिंगची यंत्रणा मोजक्या भागांची असते. इंजिनाच्या पट्ट्यावर डायनॅमो किंवा अल्टरनेटर फिरतो, रेग्युलेटर त्याचे व्होल्टेज आवरतो, बॅटरी वीज साठवते आणि तारा या साऱ्यांना जोडतात. सकाळी सेल्फ फिरेनासा झाला की बहुतेक ठिकाणी आधी अल्टरनेटर उतरवला जातो आणि गरज नसताना वाइंडिंगचा खर्च होतो. वर्षानुवर्षे मुरमाची धूळ, चिखल आणि हादरे सोसलेल्या यंत्रात दोष पुष्कळदा अल्टरनेटरच्या बाहेर असतो. त्यामुळे तपासणी बॅटरीपासून सुरू करून मागे अल्टरनेटरकडे जाणे स्वस्त पडते. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो.

यंत्र रात्रभर बंद राहिल्यानंतर 12 व्होल्टच्या बॅटरीवर 12.6 च्या आसपास व्होल्टेज दिसले, तर ती भरलेली असते. 12.2 म्हणजे साधारण निम्मी आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. बुचे उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने सहाही सेल पाहावेत. पाच सेल 1.240 च्या आसपास आणि एकच 1.180 वर असेल, तर तो सेल गेलेला असतो आणि अशी बॅटरी नवा अल्टरनेटर बसवूनही टिकत नाही. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, बोअरचे नव्हे. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, नाहीतर पुढची सगळी मोजमापे फसवतात.

यानंतर इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवावे. बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे. 24 व्होल्टच्या यंत्रात हा आकडा 27.6 ते 28.8 असतो. इंजिन चालू असूनही आकडा बंद इंजिनाइतकाच राहिला, तर चार्जिंग होतच नाही. आकडा 15 च्या वर, किंवा 24 व्होल्टच्या यंत्रात 30 च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलेला समजावा. अशा यंत्रात बॅटरीचे पाणी भराभर आटते आणि बल्ब वारंवार उडतात.

पट्टा पाहायला मिनिटभर लागतो. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो सुमारे एक सेंटिमीटर दबावा. सैल पट्टा दिवे लावल्यावरच घसरतो, म्हणून दिवसा सगळे ठीक वाटते. फार ताणलेला पट्टा मात्र अल्टरनेटरचे बेअरिंग खातो.

जुन्या यंत्रात सर्वांत जास्त वेळ द्यावा तो तारांना. इंजिन चालू आणि सगळे दिवे लावलेले असताना मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरावी. येथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तेवढे व्होल्टेज वाटेतल्या तारेत किंवा लगमध्ये वाया जात असते. हीच चाचणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे मायनस यांच्यामध्ये करावी. तिथे पाव व्होल्टच्या वर जाऊ नये. तार सोडवून ओहममध्ये मोजण्याची पद्धत इथे फारशी कामाची नाही. शंभर बारीक तारांच्या केबलमध्ये पाचच शाबूत राहिल्या तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. प्रवाह वाहू लागला की दोष उघडा पडतो. अर्थिंगकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बऱ्याच यंत्रांत इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि चॅसिसमधली पट्टी हाच विजेचा परतीचा रस्ता. ती गंजलेली असेल, किंवा यंत्र रंगवताना रंगाच्या थरावर बोल्ट आवळला असेल, तर दोष महिनोन्महिने सापडत नाही. पट्टी काढून खालचा पत्रा चकाकेपर्यंत घासावा, बोल्ट घट्ट करून वर ग्रीस लावावे.

डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अनेक जुन्या यंत्रांत नुसता इशारा देत नाही. त्या बल्बमधूनच रोटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा गती बरीच वाढवल्यावर होतो. बल्बच्या जागी छोटा एलईडी बसवला तरी तेच घडते, कारण त्यातून पुरेसा प्रवाह जात नाही. चावी फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे.

इथवर सगळे ठीक निघाले, तर मग अल्टरनेटर. कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा धुळीने अडकतात. ते बदलणे स्वस्त. डायोड गेला तर चार्जिंग कमी होते आणि मल्टिमीटर एसीवर लावल्यास बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा येतो. यंत्र रात्रभर बंद असून सकाळी अल्टरनेटरची बॉडी हाताला कोमट लागली, तर डायोडमधून बॅटरी उलटी रिकामी होत असल्याची ती खूण आहे.

डायनॅमोची गोष्ट थोडी वेगळी. तो इंजिनाच्या मंद गतीवर जवळजवळ काहीच देत नाही, हा दोष नव्हे. बराच काळ पडून राहिलेल्या डायनॅमोतले चुंबकत्व उतरते. भारतात रूढ असलेल्या लुकास पद्धतीच्या डायनॅमोत फिल्डची तार सोडवून बॅटरीच्या जिवंत टोकाचा क्षणभर स्पर्श फिल्डच्या टर्मिनलला दिला की तो पुन्हा चालू लागतो. अमेरिकन यंत्रांत ही पद्धत वेगळी असते, तिथे लुकासचा उपाय लावू नये.

24 व्होल्टच्या यंत्रात टेप किंवा पंख्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढण्याची सवय सर्रास दिसते. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन आटते. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवावा आणि दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्यात. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचे जादा दिवे आणि स्पीकर हाही हिशेबाचा भाग आहे. 12 व्होल्टवर 55 वॅटचा एक हॅलोजन साडेचार अँपिअर घेतो. असे सहा लावले तर 27 अँपिअर झाले. 35 अँपिअरच्या अल्टरनेटरकडे मग बॅटरीसाठी फारसे उरत नाही, गाण्यांसाठी तर नाहीच.

काही जुन्या सवयी महागात पडतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून चार्जिंग तपासणे ही त्यातली एक. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळून डायोड जळू शकतात. बॅटरी उतरली म्हणून स्क्रूड्रायव्हरने सेल्फ थेट जोडणे तर जिवावर बेतते: न्यूट्रलची सुरक्षा टळते आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असल्यास समोर उभ्या माणसावर चालून येतो. बॅटरी काढताना मायनस आधी सोडवावे आणि बसवताना शेवटी जोडावे. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बकेट किंवा चॅसिसवर वेल्डिंग करायचे असल्यास बॅटरीच्या दोन्ही तारा व अल्टरनेटरची जोडणी काढावी आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावावी.