वणवा, ओल आणि बेडूक

(ज्युबिली महोत्सवाच्या सायंकाळच्या सभेंत आमच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या व्यासपीठावरून धर्मगुरूनें बेडकांविषयीं बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. त्यास एक कारण आहे, व तें आम्ही शेवटीं सांगूं. तूर्त एवढेंच स्मरावें कीं, मृगाच्या पहिल्या सरीबरोबर बावखलाच्या कांठीं उठणारें डरांव-डरांव ऐकतच आपण लहानाचे मोठे झालों. हा आवाज सदा राहणारच, असें आपण धरून चाललों आहों. परंतु पृथ्वीच्या पाठीवर कित्येक ठिकाणीं तो थांबला आहे.

बेडकाचें सारें जीवित ओलीवर अवलंबून असतें. तो तोंडानें पाणी पीत नाहीं. तें कातडीवाटे शोषून घेतो, आणि फुप्फुसांबरोबर त्या ओल्या कातडीनेंही श्वास घेतो. त्याच्या अंड्यांस कोंबडीच्या अंड्यासारखें कवच नसतें. सबब ऊन वाढलें, पाऊस लांबला किंवा रानाची सावली गेली, कीं त्याच्या जिवावर बेततें.

इ. स. २०१९ हें साल ऑस्ट्रेलियांत, नोंदी ठेवूं लागल्यापासून तोंवरचें सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडें ठरलें. त्या वर्षीं पेटलेले वणवे २०२० च्या आरंभापर्यंत शमले नाहींत. जीं दमट अरण्यें सहसा पेट घेत नाहींत, त्यांतही आग शिरली. आतां बेडकांचें काय झालें असेल, हें कोणीं व कसें पाहावें? सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमनें २०१७ सालींच एक योजना सुरू केली होती: सामान्य लोकांनीं आपल्या मोबाइल फोनवर बेडकांचे आवाज टिपून धाडावे, आणि जाणत्यांनीं त्यांवरून जात ओळखावी. वणव्यानंतरच्या महिन्यांत जळालेल्या प्रदेशांतून अशा रीतीनें ६६ जातींचे आवाज हातीं आले. कोणी मातींत खोल शिरून, कोणी खडकाच्या फटींत, कोणी पाण्यांत राहून वांचले असावे.

ही वार्ता आनंदाची खरी. तथापि तिच्यावर विसंबून राहतां येत नाहीं. ओरडणारा नर जिवंत आहे, एवढेंच त्या आवाजावरून कळतें. किती मेले, आणि वांचलेल्यांचीं पिल्लें जगतील कीं नाहीं, हें त्यावरून कळत नाहीं.

त्याच देशांतील कोझिअस्को पर्वताच्या प्रदेशांत कोरोबोरी नांवाचा एक बेडूक आहे. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. अंगावर काळे-पिवळे पट्टे. मादी उन्हाळ्यांत दलदलीच्या शेवाळांत थोडींच अंडीं घालते व नर त्यांची राखण करतो. आंतला जीव वाढून तयार होतो, परंतु बाहेर पडत नाहीं; पाऊस येऊन घरटें बुडेपर्यंत तो वाट पाहत थांबतो. पाऊस आलाच नाहीं, किंवा आला आणि डबकें लवकर आटलें, तर ती सर्व पिढी गेली. १९८० नंतरच्या काळांत कायट्रिड नामक बुरशीच्या रोगानें ह्या जातीचा जवळजवळ निःपात केला. त्यावर २००३ व २०२० ह्या दोन सालीं वणव्यांनीं तिचें शेवाळी रान होरपळलें. प्राणिसंग्रहालयांतून तिची पैदास करण्यांत येते, व २०२२ सालीं शंभर बेडूक पुनः रानांत सोडण्यांत आले.  रोग, दुष्काळ आणि आग हीं एकामागून एक आलीं, आणि मध्यें सांवरण्यास उसंत मिळाली नाहीं.

ही एकट्या ऑस्ट्रेलियाची कहाणी नव्हे. २०२३ सालीं जगांतील आठ हजारांवर उभयचर जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. शंभरांतील सुमारें ४१ जाती संकटांत आहेत, आणि २००४ पासून २०२२ पर्यंत ज्या जातींची स्थिति खालावली, त्यांपैकीं शेंकडा ३९ जातींच्या बाबतींत हवामानांतील पालट हें मुख्य कारण होतें, असें त्यांत आढळलें. अशा संकटग्रस्त जातींचीं जीं मोठीं आगरें आहेत, त्यांत आपला सह्याद्रिही येतो. आंबोलीच्या जांभ्या कातळावर राहणारा एक भेक शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं नवीन जात म्हणून नोंदला. पहिल्या पावसानें कातळावर सांचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडीं घालतो. पाऊस येऊन मध्येंच दडी मारून बसला, तर त्या डबक्यांचें काय होईल, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां आमचें कारण. आपल्या मंदिरामागचें बावखल बुजवून गाड्यांसाठीं मैदान करावें, अशी सूचना महोत्सव समितीपुढें आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु चांगला आहे. परंतु आम्हांस स्वतःचीच एक चूक आठवते. आवारांतील पातेरा मार्च महिन्यांत गोळा करून त्याच बावखलाच्या कांठीं पेटवून देण्याची चाल आम्हींच पाडली. गतवर्षीं ढीग पेटला, तेव्हां दगडाखालून एक बेडूक निघाला व उड्या मारीत पाण्यांत शिरला. तो वांचला, कारण पाणी चार हातांवर होतें. पाणी नसतें तर?

आकाशांतून पडणारा पाऊस आपल्या हातीं नाहीं. जगाचें ऊन एकट्या आपल्या पॅरिशच्यानें उतरणार नाहीं. परंतु पळून जाणाऱ्या जिवास चार हातांवर पाणी ठेवणें हें आपल्या हातीं आहे. म्हणून आमचें मागणें इतकेंच कीं, बावखल बुजवूं नये. त्यांतला गाळ काढावा, आणि पातेरा जाळण्याऐवजीं खड्ड्यांत कुजवून झाडांस घालावा. गाड्या रस्त्याच्या कडेस उभ्या राहतील व आपण चार पावलें चालत येऊं. आमचे वडील त्याहून पुष्कळ लांबून चालत येत असत.

समितीनें ह्याचा विचार करावा, अशी विनंति करून आम्ही आपली रजा घेतों.