संशोधनाचा सत्कार
(रिठद येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीत उत्तम यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा आपले मंडळ सत्कार करते, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पुढे वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत राबून डॉक्टरेट मिळविणाऱ्यांची आठवण आपणांस क्वचितच होते. पदार्थात काय आहे व किती आहे, हे काटेकोरपणे ठरविणारे शास्त्र म्हणजे पृथक्करणात्मक रसायनशास्त्र. त्यातील श्रम कोणास दिसत नाहीत. फळ मात्र सर्वांच्या ताटात येते.

कै. कमलाबाई सोहोनी यांचेच चरित्र पाहा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे गेल्या. केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. बाई मागे हटल्या नाहीत. अखेर पहिले वर्ष परीक्षेवर राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिने अभ्यासली. त्यांचे काम पाहून पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा! पुढे मुंबईत नीरेतील पोषक द्रव्यांचे पृथक्करण करून, ती कुपोषित मुलांस व गर्भवती स्त्रियांस कशी हितकर आहे, हे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. उतारवयातही अन्नातील भेसळ ओळखण्यास त्या ग्राहकांना शिकवीत राहिल्या.

बंधुभगिनींनो, आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. विज्ञानात सर्वांपुढे असलेली मुलगी सोयरिकीची बोलणी सुरू होताच वर्गातून नाहीशी झालेली आम्ही अनेकदा पाहिली आहे. तेथे बंगळूरचा कोणी संचालक आडवा आला नव्हता. आडवे आलो ते आपणच.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे की, शिक्षणनिधीतून संशोधन करणाऱ्यांसाठी एक पारितोषिक ठेवावे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसावा. आणि ते पदवी हाती आल्यावर नव्हे, काम चालू असतानाच द्यावे. कारण शाल-श्रीफळापेक्षा खानावळीच्या खर्चाची चिंता मिटणे त्या वेळी अधिक मोलाचे असते. शेतकऱ्यास पाणी पीक उभे असतानाच हवे असते, खळे झाल्यावर नव्हे. हे आपणांस आम्ही काय सांगावे!

मंडळ या सूचनेचा विचार करील, अशी आशा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.