परदेशी घाऊक माल : स्वस्ताईचा मोह आणि व्यवहारातील दक्षता

(तालुका पातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तालुक्याच्या गावातील दुकानदारास खेळणी, प्लास्टिकच्या वस्तू किंवा विजेचे सामान घाऊक भावाने आणावयाचे झाल्यास पूर्वी तो मुंबईस मस्जिद बंदर भागात अथवा पुण्यास रविवार पेठेत जात असे. माल हाताळून पाहावा, भावाची घासाघीस करावी, पावती घ्यावी आणि गठ्ठा एस. टी. वर चढवावा, असा तो व्यवहार होता. त्यातही फसवणूक होत नसे असे नाही. परंतु पेढी जागच्या जागी असे, पेढीचा मालक ओळखीचा असे आणि खराब मालाचा जाब विचारण्यासाठी पुन्हा त्याच पायऱ्या चढता येत असत.

आज हाच दुकानदार घरबसल्या मोबाइलवरून चीनमधील कारखानदाराशी बोलू शकतो. झेजियांग प्रांतातील यीवू येथे १९८२ साली किरकोळ जिनसांचा बाजार सुरू झाला. तो आज जगभरच्या व्यापाऱ्यांचे घाऊक केंद्र बनला आहे. शेन्झेन व ग्वांगझौ परिसरातील इलेक्ट्रॉनिक मालाचे पुरवठादारही इंटरनेटवरील घाऊक बाजारपेठांतून थेट भेटतात. मध्यस्थांच्या साखळीतील काही कड्या यामुळे गळून पडल्या, ही गोष्ट लहान व्यापाऱ्याच्या हिताचीच आहे. मात्र त्याबरोबरच पेढीच्या पायऱ्याही नाहीशा झाल्या, याचे भान सुटता कामा नये.

एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेमुळे ग्रामीण तरुणांना लहान धंद्यासाठी कर्ज मिळू लागले. महिला बचत गटांच्या हाती भांडवल आले. अशा भांडवलातून दोन लाख रुपये परदेशी खात्यात गेले आणि माल आलाच नाही, तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मोठी कंपनी असा तोटा सोसू शकते. गटातील दहा कुटुंबे तो सोसू शकत नाहीत. व्यवहारापूर्वी सल्ला घेण्यासाठी ही मंडळी ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांच्याकडेच येतात. म्हणून या विषयाची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

पुरवठादाराची ओळख

फसवणुकीचा पहिला प्रकार तोतया पुरवठादाराचा होय. बाजारपेठेच्या संकेतस्थळावर नावापुढे खास दर्जाचे चिन्ह दिसले की ग्राहक निर्धास्त होतो. या बाबतीत २०११ सालची घटना बोलकी आहे. हांगझौ येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अलिबाबा या विख्यात कंपनीने त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात जाहीर केले की, २००९ व २०१० या दोन वर्षांत ‘गोल्ड सप्लायर’ हा दर्जा मिळविलेल्या २,३२६ विक्रेत्यांनी ग्राहकांची फसवणूक केली होती. कंपनीच्याच विक्री विभागातील सुमारे शंभर कर्मचाऱ्यांनी त्यांना जाणूनबुजून अथवा दुर्लक्ष करून प्रवेश मिळवून दिला होता. त्या प्रकरणी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर तपासणीच्या पद्धती सुधारल्या. तथापि विक्रेत्याच्या नावापुढील चिन्ह ही चौकशीची सुरुवात आहे, शेवट नव्हे, हा धडा कायम आहे.

चौकशी कशी करावी? चीनमधील प्रत्येक नोंदणीकृत व्यवसायास अठरा अंकाक्षरांचा एक सामाईक ओळख क्रमांक असतो व तो त्याच्या परवान्यावर छापलेला असतो. कंपनीचे कायदेशीर नाव चिनी लिपीतील असते. इंग्रजी नाव ती सोयीसाठी वापरते. म्हणून परवान्याची प्रत मागवून चिनी नाव व क्रमांक तेथील सरकारी नोंदवहीशी ताडून पाहावा. ही नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. कंपनीची स्थापना केव्हा झाली, ती चालू आहे की बंद, उत्पादन करते की केवळ व्यापार, हे त्यातून समजते. भाषेची अडचण असल्यास भाषांतराच्या सोयीचा उपयोग करावा किंवा जाणकाराची मदत घ्यावी. परवाना देण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार थांबविणे इष्ट.

भाव हीसुद्धा एक खूण आहे. नामांकित कंपनीचा मोबाइल किंवा घड्याळ बाजारभावाच्या निम्म्याहून कमी किमतीस घाऊक मिळते, असे कोणी म्हणाल्यास तो माल बनावट असतो अथवा मुळात नसतोच. मोठ्या कंपन्या आपला माल ठरावीक वितरकांमार्फतच विकतात. बनावट शिक्क्याचा माल आलाच, तरी बौद्धिक संपदेसंबंधीच्या २००७ च्या नियमांखाली सीमाशुल्क अधिकारी तो अडवून ठेवू शकतात. म्हणजे पैसाही गेला आणि मालही गेला.

पैसा कोणाच्या खात्यात ?

दुसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. यात पुरवठादार खरा असतो, पत्रव्यवहारही खरा असतो. मात्र कोणी तरी त्रयस्थ त्याच्या ई-मेलमध्ये शिरून सर्व बोलणी वाचत बसतो. रक्कम भरण्याची वेळ आली की ग्राहकास पत्र येते : “आमच्या खात्याची लेखा तपासणी चालू असल्याने कृपया पुढील नव्या खात्यात पैसे पाठवावेत.” पत्राची भाषा, बिलाचा क्रमांक, रक्कम, सारे जुळते. पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले असते. ग्राहक पैसे पाठवितो आणि काही दिवसांनी मूळ पुरवठादार विचारतो, “रक्कम अजून का आली नाही ?”

यावर उपाय साधा आहे. खाते बदलल्याचे कळविणाऱ्या पत्रास त्याच पत्रातून उत्तर देऊ नये. पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून, शक्यतो समोरासमोर दिसेल अशा रीतीने, खात्री करून घ्यावी. खातेदाराचे नाव आणि परवान्यावरील कंपनीचे नाव एकच असले पाहिजे. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल, अथवा कंपनी एका देशातील आणि खाते तिसऱ्याच देशातील असेल, तर समाधानकारक खुलासा मिळेपर्यंत रक्कम पाठवू नये.

रक्कम कोणत्या मार्गाने द्यावी, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. सुमारे ३० टक्के आगाऊ आणि उरलेली ७० टक्के माल रवाना होण्यापूर्वी किंवा जहाजपावतीची प्रत मिळाल्यावर, ही या व्यापारातील रूढ पद्धत आहे. पहिल्याच व्यवहारात शंभर टक्के आगाऊ रक्कम मागणारा विक्रेता संशयास पात्र ठरतो. व्यक्तिगत रोकड पाठविण्याच्या सेवेतून किंवा आभासी चलनातून पैसे पाठवू नयेत. लहान रकमेसाठी बाजारपेठेच्याच अनामत व्यवस्थेचा लाभ घ्यावा. तीत माल मिळेपर्यंत रक्कम मध्यस्थाकडे राहते. “बाजारपेठेबाहेर व्यवहार केल्यास पाच टक्के सूट देतो,” असे आमिष दाखविले जाते. ते स्वीकारणे म्हणजे आपले संरक्षण पाच टक्क्यांस विकणे होय.

मोठ्या रकमेसाठी बँकेचे पतपत्र हा जुना व भरवशाचा मार्ग आहे. परंतु त्याचीही मर्यादा समजून घेतली पाहिजे. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे जे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत, त्यांनुसार बँक केवळ कागदपत्रे तपासते, माल तपासत नाही. कागद बिनचूक असले की बँक पैसे देते, मग पेटीत काहीही असो.

पेटीत काय आहे ?

नमुना उत्तम, माल निकृष्ट, हा तिसरा प्रकार. नमुन्याची पेटी खास निवडून पाठविली जाते. म्हणून करारात मालाचे माप, वजन, घटक, रंग, वेष्टन आणि सदोष नगांचे कमाल प्रमाण स्पष्ट लिहावे. चीनमध्ये कंपनीच्या अधिकृत गोल लाल शिक्क्यास विशेष महत्त्व असते. तो करारावर असावा. मान्य झालेल्या नमुन्याचा एक नग स्वतःकडे मोहोरबंद करून ठेवावा. माल निघण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी संस्थेकडून पाहणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. कित्येक लहान व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मागणी नोंदविल्यास हा खर्च सहज विभागला जातो.

तपासणीवरही नजर ठेवावी लागते, हे २०२० सालच्या एका प्रकरणावरून दिसून आले. मर्क्युरिया या स्वित्झर्लंडमधील बड्या व्यापारी कंपनीने तुर्कस्तानातील पुरवठादाराकडून सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचे तांबे खरेदी केले. तपासणीनंतर मोहोरबंद झालेल्या पेट्या पुन्हा उघडण्यात आल्या आणि तांब्याच्या जागी रंगविलेले फरशीचे दगड भरण्यात आले. चीनच्या बंदरात पेट्या उघडल्या तेव्हा हे उघडकीस आले. एवढ्या अनुभवी पेढीची ही गत होते, तेथे नवख्या माणसाने किती जपले पाहिजे, हे सांगावयास नको. तपासणीच्या वेळी लावलेल्या मोहोरेचा क्रमांक टिपून तो माल उतरताना ताडून पाहावा, विमा स्वतः उतरवावा, निदान विमापत्र खरे असल्याची विमा कंपनीकडून थेट खात्री करावी.

माल बंदरात पोचल्यावर

स्वस्त भाव पाहून हुरळून जाणारा ग्राहक शुल्काचा हिशेब विसरतो. मालाची किंमत, भाडे व विमा मिळून एक लाख रुपये झाले असे समजू. मूळ सीमाशुल्क २० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर १८ टक्के, असे उदाहरणादाखल धरले तर २०,००० अधिक २,००० अधिक २१,९६० असे एकूण ४३,९६० रुपये होतात. म्हणजे लाखाचा माल एक लाख ४३ हजार ९६० रुपयांस पडतो. प्रत्यक्ष दर वस्तूनुसार वेगवेगळे असतात. ते आधी पाहून घ्यावेत. “बिलात किंमत कमी दाखवितो, शुल्क वाचेल,” असे विक्रेता म्हणाल्यास ठाम नकार द्यावा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली असा माल जप्त होऊ शकतो आणि त्याची जबाबदारी आयातदारावर येते, विक्रेत्यावर नाही.

विक्रीसाठी माल मागविणाऱ्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात सांकेतिक क्रमांक लागतो. त्याशिवाय काही वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची मान्यता सक्तीची आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळणी त्यांत आहेत. एलईडी दिवे, पॉवर बँक व चार्जर यांनाही नोंदणी आवश्यक आहे. मान्यतेविना आलेला माल न्हावा शेवा बंदरात अडकून पडतो. गोदामभाडे रोज चढत जाते आणि तीस दिवसांत माल न सोडविल्यास त्याची विक्री करण्याची तरतूद कायद्यात आहे. येथे विक्रेत्याने फसविलेले नसते. अपुऱ्या माहितीनेच तोटा होतो. तेव्हा मागणी नोंदविण्यापूर्वी परवानाधारक सीमाशुल्क दलालाचा सल्ला घ्यावा.

याच टप्प्यावर आणखी एक भामटा उभा असतो. “तुमचे पार्सल विमानतळावर अडकले आहे, दंड त्वरित भरा, अन्यथा अटक होईल,” असा दूरध्वनी येतो. सीमाशुल्क विभाग व्यक्तिगत खात्यात शुल्क भरण्यास कधीही सांगत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून या विभागाच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तो कोणासही पडताळता येतो.

फसवणूक झालीच तर

अशा वेळी लाजेने गप्प बसणे सर्वांत घातक. प्रथम आपल्या बँकेस लेखी कळवून रक्कम परत बोलाविण्याची विनंती करावी. लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पत्रव्यवहार, बिले व पैसे भरल्याचे पुरावे जपून ठेवावेत. पहिल्या काही तासांत रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक. खातेदाराने ती काढून घेतल्यावर हाती फारसे उरत नाही.

न्यायालयाचा मार्गही लांबचा आहे. भारतीय न्यायालयाच्या हुकूमनाम्याची चीनमध्ये थेट अंमलबजावणी करून घेण्याची परस्पर व्यवस्था नाही. मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश सहभागी असल्याने लवादाच्या निवाड्यास आधार मिळतो. म्हणून करारात लवादाचे कलम असावे. अर्थात एक-दोन लाखांच्या व्यवहारात लवादाचा खर्चच रकमेहून जास्त होतो. लहान व्यापाऱ्यास खरे संरक्षण पैसे पाठविण्यापूर्वीच मिळते, नंतर नव्हे.

गावपातळीवरील कार्य

या कामी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक ठळकपणे लिहिता येईल. माध्यमिक शाळेतील वाणिज्याचे शिक्षक परवाना व खाते ताडून पाहण्याची रीत विद्यार्थ्यांना एका तासात शिकवू शकतील. मोबाइल घरातील याच मुलांच्या हाती असतो. बचत गटाच्या बैठकीत असा ठराव करता येईल की, परदेशी खात्यात रक्कम पाठविण्यापूर्वी किमान दोन सदस्यांनी कागद पाहावेत आणि पहिली मागणी लहानच असावी. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने पुरवठादाराच्या परवान्याची प्रत मागितली, तर तो अडथळा न मानता कर्जदाराने आपले संरक्षण समजावे.

परदेशी व्यापार वाईट नाही, तेथील सर्व विक्रेते लबाड नाहीत आणि गावच्या तरुणाने जगाच्या बाजारात उतरू नये असेही नाही. त्याने अवश्य उतरावे. फक्त माल न पाहता, माणूस न पारखता पैसे मोजण्याची घाई करू नये. मस्जिद बंदरच्या पेढीत दुकानदार नाणे वाजवून घेत असे, कापड उजेडात धरून पाहत असे. बाजार आता दूर गेला आहे. ती पारखण्याची सवय मात्र जवळच राहिली पाहिजे.