विणीचे गणित



यंत्रमाग-कामगारांत वावरणाऱ्याने गणितावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतच. पुढचे रात्री, पुस्तकांतून. पण विषय आमच्या घरचाच आहे.

विमानांचे काही भाग आज कार्बनच्या तंतूंचे कापड विणून, ते राळेत मुरवून करतात. त्याची ताकद आधी गणिताने काढतात. सरळ तंतू ओढ उत्तम सोसतो. पण विणीत ताणा बाण्यावरून चढतो, खालून उतरतो. ओढ बसली की ही नागमोड सरळ होऊ पाहते, भोवतालची राळ ताणली जाते. साध्या विणीत नागमोड जास्त. सॅटिनमध्ये कमी, म्हणून सॅटिन अधिक ताठ. रुमाल कोपऱ्यांत धरून तिरका ओढून पाहा, कसा लांबतो!

पियर्स यांनी १९३७ साली कापडाची भूमिती मांडली, तीत सूत गोल धरले. १९८२ साली इशिकावा व चौ यांनी तीन प्रतिरूपे दिली. पहिल्यात नागमोड सोडूनच दिली, दुसऱ्यात ती हिशेबात घेतली. तिसऱ्यात, सॅटिनमध्ये जिथे धागे एकमेकांत अडकतात ती जागा नरम पडली की शेजारचे सरळ धागे अधिक भार उचलतात, हे दाखवले. आम्हांला तिसरेच पटले. युनियनमध्ये दुसरे काय असते?

पण या हिशेबात एक चौकडी घेऊन तीच सर्वत्र आहे असे धरतात. मागावर तसे नसते. ताणा कुठे सैल, बाणा कुठे वाकडा, हे मागावरच्या माणसाच्या बोटांना कळते. त्याला हिशेबाला बसवा, असे आम्ही एका कारखान्यात सांगून पाहिले. आम्हांला फाटकावरूनच परत पाठवले.