उद्योगाचा प्रमुख : माणसे घडविणारा कारभारी



'मुख्य कार्यकारी अधिकारी' हे शब्द उच्चारले की, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम जिल्हा परिषद उभी राहते. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि हे पद खेडोपाडी परिचयाचे झाले. उद्योगधंद्याच्या क्षेत्रातही अशाच जबाबदारीचे पद असते. मोठ्या कंपनीत त्याला व्यवस्थापकीय संचालक म्हणतात, सहकारी साखर कारखान्यात कार्यकारी संचालक म्हणतात आणि लहानशा कारखान्यात नुसतेच 'मालक' म्हणतात. नाव कोणतेही असले, तरी हाती असलेला उद्योग नीट चालविणे आणि तो वाढविणे हे त्या व्यक्तीचे कर्तव्य असते.

उद्योग वाढविणे म्हणजे नवी शेड बांधणे, चार यंत्रे आणणे व अधिक कर्ज काढणे, अशी समजूत सर्वसाधारणपणे आढळते. या गोष्टी आवश्यक आहेत, यात संशय नाही. तथापि यंत्रे वाढूनही एका टप्प्यावर अडखळलेले उद्योग पुष्कळ दिसतात. तेथे प्रत्येक खरेदीला मालकाची सही लागते, प्रत्येक गिऱ्हाइकाशी मालकालाच बोलावे लागते आणि मालक चार दिवस आजारी पडला की चार दिवस काम थांबते. एका माणसाच्या दोन हातांत जेवढे मावते, तेवढाच तो उद्योग राहतो. म्हणून उद्योगाच्या प्रमुखाविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे : त्याच्या हाताखालील माणसे जेवढी वाढतात, तेवढाच त्याचा उद्योग वाढतो. या विधानाची साक्ष पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या परिसरातील, कुंडलजवळचा एक माळ त्यासाठी पुरेसा आहे.

स्वतःची मर्यादा ओळखणे

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना नीट कळत नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. हा आघात लहान नव्हता. तेव्हा त्यांनी रंगाचा हट्ट सोडला आणि रेषेचा आश्रय घेतला. यंत्रांची रेखाटने करण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाची गणना केली जाते. त्यांचे बंधू रामुअण्णा त्या दुकानाचा व्याप सांभाळीत.

ज्या प्रमुखाला आपले उणे ठाऊक असते, तोच त्या बाबतीत दुसऱ्याची मदत घेतो. आपल्याला सर्व काही कळते असे मानणाऱ्याभोवती होकार देणारी माणसे तेवढी गोळा होतात, आणि कारखान्यातील खरी अडचण त्याला सर्वांत शेवटी कळते.

ग्राहकाची शंका

सायकलींच्या व्यवसायातून लक्ष्मणरावांचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व त्यानंतर, १९०३ साली, लोखंडी नांगर तयार झाला. नांगर चांगला होता, पण तो घ्यावयास कोणी येईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे वर्षाचे अन्न एका जमिनीच्या तुकड्यावर अवलंबून असते, त्याने त्या जमिनीविषयी भय बाळगावे, यात नवल ते काय? गिऱ्हाईक अडाणी आहे असे म्हणून कारखानदार स्वस्थ बसला, तर माल गुदामात पडून राहतो. ग्राहकाची शंका ही मालाइतकीच लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे, हे ओळखून चिकाटीने टिकून राहिला तोच बाजारात उभा राहतो. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. आरंभी कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. ग्राहकाशी बोलत राहण्याचे महत्त्व त्या काळी या कारखान्याने जाणले होते.

निवडुंगाचा माळ

व्यवसाय थोडा स्थिरावतो न स्थिरावतो तोच बेळगावातील जागा सोडण्याचा प्रसंग आला. नगरपालिकेच्या नव्या वस्तीच्या योजनेत ती जागा गेली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावून आले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ बत्तीस एकर माळजमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन निवडुंगाने व्यापलेली होती व तेथे नागसापांचा सुळसुळाट होता. १९१० साली सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह या माळावर राहावयास आले. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

येथे एक प्रश्न मनात उभा राहतो. बेळगावसारखे शहर सोडून ही पंचवीस कुटुंबे त्या उजाड माळावर कशासाठी आली? केवळ मजुरीसाठी कोणी मुलाबाळांना सापांच्या रानात नेत नाही. प्रमुखाचा शब्द खरा असतो आणि संकटात तो आपल्याबरोबर राहतो, हा अनुभव असल्याविना असे पाऊल पडत नाही. हा विश्वास कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नाही, पण तो नसेल तर ताळेबंदातील इतर आकडे फार काळ टिकत नाहीत.

माणसांची पारख

या माळावर लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली, त्यांची एकमेकांशी तुलनाच होऊ शकत नाही. गावाची आखणी व कारभार रामुअण्णांकडे होता. शंभुराव जांभेकर यंत्रशास्त्रातील जाणकार होते. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब व पत्रव्यवहार होता. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले होते, पण त्यांची कल्पकता इंजिनियराची होती. चोरी-दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपविली आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. प्रमाणपत्र पाहण्यापूर्वी माणूस पाहावा, त्याच्या अंगी असलेल्या गुणाला साजेसे काम द्यावे आणि काम दिल्यावर त्यात वारंवार हात घालू नये, ही पद्धत तेथे रुजली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारे लोखंड, कोळसा व रंग दुर्मीळ झाले. कारखाना बंद पडण्याची वेळ आली. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगरासाठी लोखंड मिळविण्यात आले. अशी अडचण एकट्या प्रमुखाच्या बुद्धीने सुटत नाही. जेथे हाताखालच्या माणसाला प्रयोग करण्याची व चुकण्याची मुभा असते, तेथेच संकटकाळी नव्या वाटा सुचतात.

विस्तार आणि पैसा

माणसांइतकेच पैशाच्या चलनवलनाकडेही प्रमुखाचे लक्ष हवे. मागणी दुप्पट झाली की उद्योग सुरक्षित झाला, हा समज फसवा आहे. कच्चा माल आज रोखीने घ्यावा लागतो, मजुरी आठवड्याला अथवा महिन्याला द्यावी लागते आणि विकलेल्या मालाचे पैसे काही महिन्यांनी येतात. मागणी जितक्या वेगाने वाढते, तितकी ही दरी रुंदावते. त्यामुळे नफ्यात असलेला कारखानाही पगाराच्या दिवशी हतबल होऊ शकतो. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, असे २००६च्या केंद्रीय कायद्याने ठरविले आहे. परंतु येणे कोणाकडे किती दिवसांचे आहे, याचा तक्ता दर आठवड्याला न पाहणाऱ्या प्रमुखाला कायद्याचा फारसा उपयोग होत नाही. कामे सोपवावीत, पण हिशेब विचारण्याचे सोडू नये.

आसन कोणाचे?

सहकारी क्षेत्रातील एक उदाहरण येथे आठवते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे १९५० साली प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामागील मुख्य प्रेरणा होती शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांची. गावोगाव हिंडून त्यांनी शेतकऱ्यांना सभासद करून घेतले. परंतु कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांची नाडी विठ्ठलरावांना ठाऊक होती आणि अर्थव्यवहाराचे शास्त्र गाडगीळांना ठाऊक होते. 'कष्ट माझे, मग खुर्चीही माझीच' असा आग्रह धरला गेला असता, तर हा योग जुळला नसता. संस्थेला ज्या ज्ञानाची गरज आहे ते ज्याच्याजवळ असेल, त्याला मानाने पुढे बसविणे यातही नेतृत्वच असते.

सूत्रे सोपविणे

प्रमुखाची शेवटची व सर्वांत अवघड कसोटी म्हणजे योग्य वेळी बाजूला होणे. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले आणि वडिलांच्या हयातीतच त्यांच्या पिढीने उद्योगाची धुरा उचलली. १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणारी इंजिने व बंगळूरमध्ये विजेची मोटारयंत्रे तयार करणाऱ्या कंपन्या स्थापन झाल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा माळावरचा तो उद्योग अनेक शहरांत पसरला होता.

या कथेला दुसरी बाजूही आहे. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला. वाडवडिलांची पुण्याई एखाद्या उद्योगाला कायमचे संरक्षण देऊ शकत नाही. ग्राहकाची शंका, माणसांची पारख आणि पैशाचा हिशेब हे धडे प्रत्येक पिढीला पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागतात.

कारखान्याच्या फाटकाआत जे खरे, ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, दूध संस्थेत व शाळेतही खरे आहे. सरपंच परगावी गेल्यावर पाणीपुरवठा बंद पडत असेल, मुख्याध्यापक रजेवर असता शाळेची घडी विस्कटत असेल, तर तेथे काम उभे राहिले आहे, पण माणसे अद्याप उभी राहिलेली नाहीत. आपल्या अनुपस्थितीत संस्था कशी चालते, हे पाहण्यासाठी प्रत्येक प्रमुखाने वर्षातून एकदा तरी आठ दिवस जाणीवपूर्वक दूर राहावे. परत आल्यावर जे काम अडलेले दिसेल, ते कोणाला शिकवावयाचे राहून गेले, याची नोंद करावी. पुढील वर्षाच्या वाढीचा आराखडा त्या नोंदीपासूनच सुरू होतो.