ज्याला एकाचेच भय



देवाला भिणारा माणूस शूर कसा असेल, असा प्रश्न आजच्या विषयाने तुमच्या मनात आणला असेल. बायबलमध्ये त्याचे उत्तर दोन सुइणींच्या गोष्टीत सापडते. मिसर देशात इब्री लोक गुलामीत होते. शिप्रा आणि पुवा या सुइणींना फारो राजाने हुकूम केला, की इब्री बाईला मुलगा झाला तर तो जागीच मारून टाका. त्यांनी मारला नाही. निर्गमाच्या पुस्तकात कारण एवढेच दिले आहे, की त्या देवाला भीत होत्या. फारो काय करू शकतो हे त्यांना ठाऊक होते. पण हातातल्या बाळाचा जाब त्याच्याहून मोठ्या दरबारात द्यायचा आहे, हेही ठाऊक होते. ख्रिस्ती माणूस ज्याला देवाचे भय म्हणतो, ते मला इथे दिसते. समोरच्या दुबळ्या जिवाबद्दल आपल्याला विचारले जाणार आहे, ही ती जाणीव. शिक्षेच्या धाकाने माणूस लपून बसतो, या जाणिवेने तो उठून उभा राहतो.

महाराष्ट्रात हे भय मी पंडिता रमाबाईंमध्ये पाहतो. दुष्काळात आईबाप गमावलेली, संस्कृत पंडिता म्हणून गाजलेली, वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याआधी विधवा झालेली ही बाई 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती झाली. समाज तुटला. निदान चर्च तरी सांगेल तसे वागावे, अशी अपेक्षा होती. पण एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, आता तसलेच दुसरे जू मानेवर घेणार नाही, असे त्यांनी वाँटेजच्या धर्मभगिनींना पत्रातून स्पष्ट कळवले. धर्म स्वीकारला, पण विवेक कुणाच्या हवाली केला नाही.

पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली आणि 1890 मध्ये ती पुण्यात आली. रानडे, भांडारकरांसारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी होती. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या आणि वाद पेटला. सल्लागारांचा आक्षेप प्रामाणिक होता, तो मी हलका लेखत नाही. मात्र येणाऱ्या मुलीला दार लावून घेणे रमाबाईंना मान्य झाले नाही. 1893 मध्ये सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई मागे हटल्या नाहीत.

खरी कसोटी 1897 मध्ये आली. पुण्यात प्लेग होता आणि बंदोबस्त इंग्रज सरकारचा, म्हणजे त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांचा होता. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांचे काय हाल होतात, ते त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहिले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि सरकारने आरोप नाकारले. परक्याचा अन्याय दाखवायला जेवढे धैर्य लागते, त्याहून जास्त आपल्या माणसाचा दाखवायला लागते. देवाचे भय खरे आहे की नाही, ते इथे कळते.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेचा अनुभव त्यांना स्वतःला होता. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन वाढले. 1900च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या जणींना खाऊ काय घालणार, ही चिंता कुणालाही मागे ओढेल. रस्त्यावर सोडून आलेल्या मुलीबद्दल देवाला काय सांगणार, ही चिंता त्यांना अधिक मोठी वाटली.

श्रोतेहो, 1972चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण आज आपल्यासमोरची मुलगी कोण? 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाल्याचे दिसले.  लग्न ठरते तेव्हा भावकी काय म्हणेल, सोयरे तुटतील, पुढे स्थळ मिळणार नाही, ही भये घरात येऊन बसतात. नातेवाइकाच्या मांडवात अक्षता टाकणाऱ्या आपल्यालाही नवरीचे वय ठाऊक असते. आपण गप्प बसतो.

मी ख्रिस्ती आहे, म्हणून माझ्या भाषेत बोललो. तुमच्या श्रद्धेची भाषा वेगळी असेल. तरी एवढे मागतो: पुढच्या वेळी असे लग्न ठरताना कळले, तर त्या बैठकीत जा आणि मुलीच्या बाजूने बोला. उपयोग झाला नाही, तर 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक फिरवा. भावकी रागावेल, काही दिवस बोलणार नाही. त्या मुलीबद्दल विचारणारा मात्र भावकीहून मोठा आहे, हे ज्याला खरोखर पटले, त्याला ते दिवस काढता येतील.