रिव्हॉल्व्हर घेऊ का?

(भंडाऱ्यातील मेळाव्यात केलेले भाषण)

मागच्या बैठकीत एका बाईनं विचारलं, "ताई, रिव्हॉल्व्हर घेऊ का?" कुणी हसलं. मला हसू आलं नाही. ती रात्री एकटी राहते.

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं. .३२ बोअर, वजन साधारण ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास! धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईनं ते आणायचं कुठून? वर जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना, पोलिसांची चौकशी. नेमबाजी शिकायची तर जरूर शिका, भीती मोडते. पण आपल्याकडे मारहाणीच्या ज्या तक्रारी येतात, त्यातला मारणारा बहुतेकदा घरातलाच असतो. कपाटाची किल्ली त्याच्याच कनवटीला.

आणि बाहेरचा आला तर? आपल्याच जिल्ह्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. समोर जमाव होता. सहा गोळ्या किती पुरणार? मायलेकींनी आधीच्या मारहाणीत आरोपींविरुद्ध पोलिसांत जबाब दिला होता. आरोपी जामिनावर सुटले, तेव्हा त्यांच्या दारात एक शिपाईसुद्धा उभा नव्हता.

त्या बाईला मी म्हटलं, परवान्याचा अर्ज करायचा तर करू, मी सोबत येते. पण आधी ठाण्यात जाऊन तुझी तक्रार लिहून घ्यायला लावू. पाचजणी जाऊ. सोमवारी निघतोय.